मिशिगनचे १३ मतदारसंघ : खासदार नोव्हेंबरात ठरतो की ऑगस्टमध्येच?

नोव्हीकर

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मिशिगनचे १३ खासदार जातात. २०२२ साली त्यांतले ७ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन निवडून आले. २०२४ ला बरोबर उलटं, ७ रिपब्लिकन आणि ६ डेमोक्रॅट. वरवर पाहता राज्य फिरलं असं वाटतं. प्रत्यक्षात तेरापैकी एकाच जागेवर पक्ष बदलला, तो ७ वा मतदारसंघ, म्हणजे लॅन्सिंग आणि आजूबाजूचा भाग. तिथल्या डेमोक्रॅट खासदार एलिसा स्लॉटकिन सिनेटला उभ्या राहिल्या, जागा मोकळी झाली, आणि रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी डेमोक्रॅट कर्टिस हर्टेल यांना ४ टक्क्यांपेक्षाही कमी फरकानं हरवलं. उरलेल्या १२ जागा ज्यांच्या होत्या त्यांच्याकडेच राहिल्या.

मी ६ व्या मतदारसंघात राहतो. ॲन आर्बर, कँटन, नोव्ही असा हा पट्टा. इथे डेमोक्रॅट डेबी डिंगेल ६० टक्क्यांच्या वर मतं घेऊन येतात. नोव्हेंबरात आमच्या घरचे सगळे न चुकता मतदान करतात, पण निकाल आधीच माहीत असतो. ऑगस्टच्या प्रायमरीचं (म्हणजे प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीचं) मात्र आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये नावही निघत नाही. तेव्हा निम्मी मंडळी भारतात असतात, उरलेली कॅम्पिंगला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. २०२१ मध्ये नागरिकांच्या आयोगानं नव्या सीमा आखल्या, त्यानं खरंच काही बदललं का? आणि अशा सुरक्षित जागेतल्या माझ्यासारख्याच्या मताला नेमकी किंमत कुठे आहे?

मधुरा_एल

वाचतेय. लेकीला शाळेत याच विषयावर प्रकल्प आहे, तेव्हा सगळ्यांनी जरा सविस्तर लिहा.

अण्णा_सातारकर

मी साताऱ्यात बसून वाचतोय, मुलगा तिकडे आहे म्हणून रस. मतदारसंघाच्या सीमा बदलल्या की काय होतं ते आम्ही जवळून पाहिलंय. २००८ च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मतदारसंघच गेला. इतक्या वर्षांचे कार्यकर्ते, बूथप्रमुख, गावोगावचे हिशेब एका आदेशात निकालात निघाले. तीच गत इचलकरंजीची आणि पंढरपूरची. आमच्याकडे निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला, त्यानं नकाशा काढला आणि त्या आदेशाविरुद्ध कोर्टातही जाता येत नाही. तुमच्याकडे 'नागरिकांचा आयोग' म्हणजे कोण माणसं? आणि आधी कोण आखायचं?

शंतनू_एएआर

अण्णा, आधी आमदारच आखायचे. ज्या पक्षाच्या हातात विधिमंडळ आणि गव्हर्नरपद, तो पक्ष खासदारांच्या आणि स्वतःच्याही मतदारसंघांच्या रेषा ठरवायचा. २०११ मध्ये दोन्ही रिपब्लिकनांकडे होतं. परिणाम लगेच दिसला. २०१२ च्या निवडणुकीत राज्यभरात प्रतिनिधीगृहासाठी डेमोक्रॅट उमेदवारांना मिळून निम्म्याहून जास्त मतं पडली, आणि १४ पैकी जागा मिळाल्या ५.

हे कसं जमतं ते बघायचं असेल तर जुन्या १४ व्या मतदारसंघाचा नकाशा शोधा. डेट्रॉईटच्या नदीकाठावरून निघायचं, ग्रोस पॉइंटला वळसा घालायचा, मग शहरातून वर साउथफील्ड, तिथून फार्मिंग्टन हिल्स आणि शेवटी पार पॉन्टियॅक. वाटेत जिथे जिथे डेमोक्रॅट मतदार जास्त, तिथे तिथे रेषा आत वळलेली. असे मतदार एकाच जागेत कोंबले की तो उमेदवार ८० टक्क्यांनी निवडून येतो आणि शेजारच्या तीन जागा मोकळ्या होतात. त्या जागांवरचा प्रत्येक विजय कायद्याला धरूनच होता, म्हणून तर जास्त राग यायचा.

२०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फाहे नावाच्या तरुणीनं फेसबुकवर चार ओळी टाकल्या, की मला मिशिगनमधलं हे गेरिमँडरिंग (पक्षाच्या सोयीनं सीमा आखणं) संपवायचंय, कोणी बरोबर येतंय का. राजकारणाचा काही अनुभव नाही, पाठीशी पक्ष नाही. त्यातून स्वयंसेवकांची फौज उभी राहिली आणि त्यांनी ४ लाखांवर सह्या गोळा केल्या. २०१८ मध्ये राज्यघटनेतली दुरुस्ती ६१ टक्के मतांनी मंजूर झाली.

आयोगात १३ जण असतात. ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. अर्ज कोणीही नोंदणीकृत मतदार करू शकतो, मात्र गेल्या सहा वर्षांत निवडून आलेले, पक्षाचे पदाधिकारी, लॉबिस्ट वगैरेंना बंदी. नऊ हजारांवर अर्ज आले होते. त्यातून छाननी होऊन दोनशे जण उरले, दोन्ही पक्षांच्या विधिमंडळ नेत्यांना त्यातली थोडी नावं खोडायचा हक्क होता, आणि शेवटी चिठ्ठी काढावी तशी यादृच्छिक निवड. नकाशा मंजूर व्हायला नुसतं बहुमत पुरत नाही. त्या बहुमतात प्रत्येक गटाचे किमान दोघे हवेत.

अण्णा_सातारकर

चिठ्ठ्या टाकून निवडलेले लोक खासदारांच्या सीमा आखतात! इकडे पारावर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण मनापासून सांगतो, कल्पना आवडली. नकाशाशी ज्याचा स्वार्थ नाही त्याच्याच हातात पेन्सिल हवी.

मधुरा_एल

शंतनू, लेकीच्या प्रकल्पाचं अर्धं काम झालं. खूप आभार.

गिरीश_फार्मिंग्टन

आयोगाचं कौतुक मीही करतो, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी. डेट्रॉईटच्या लोकांना विचारा. या आयोगानं शहराचे तुकडे करून उपनगरांना जोडले. राज्य विधिमंडळाच्या नकाशात तर डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल कोर्टानं डेट्रॉईट परिसरातले १३ मतदारसंघ रद्द केले, कारण रेषा आखताना वंश हाच मुख्य निकष धरला होता. ते पुन्हा आखावे लागले. खासदारकीचे मतदारसंघ त्यातून सुटले, पण त्यांची पद्धतही फार वेगळी नव्हती.

दुसरं म्हणजे २८ डिसेंबर २०२१ ला मंजूर झालेल्या नकाशातही खऱ्या चुरशीच्या जागा किती? ३, ७, ८ आणि १०. बाकी नऊ ठिकाणी नोव्हेंबर म्हणजे उपचार. लोक राहतातच तसे. ॲन आर्बर एका रंगाचं आणि हिल्सडेल दुसऱ्या. त्याला आयोग काय करणार?

शंतनू_एएआर

गिरीश, राज्य विधिमंडळाच्या नकाशाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण १३ पैकी ४ चुरशीच्या जागा हे प्रमाण अमेरिकेत पुष्कळ चांगलं आहे. अख्ख्या देशात ४३५ पैकी खऱ्या लढती किती उरल्यात ते बघा. शिवाय ही बेरीज पाहा. २०२४ ला ट्रम्प यांनी मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी जिंकलं, त्याच दिवशी स्लॉटकिन सिनेटला सुमारे १९ हजारांनी जिंकल्या, आणि प्रतिनिधीगृहात ७-६. काठावरच्या राज्याचा निकालही काठावरच लागला. २०१२ ची ९-५ ची वाटणी आठवा म्हणजे फरक कळेल.

बेळगावकर

या धाग्यावर १३ व्या मतदारसंघाचं नाव अजून कसं आलं नाही? श्री ठाणेदार! चिकोडीत जन्म, बेळगावात गरिबीत वाढले. मुंबईत एम.एस्सी., १९७९ ला अमेरिका, अॅक्रनला पीएच.डी. उद्योग उभा केला, तो बुडाला, ॲन आर्बरला येऊन दुसरा उभा केला. २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले, म्हणून गप्प बसले नाहीत. २०२० ला राज्याच्या सभागृहात, २०२२ ला थेट वॉशिंग्टनला. त्यांचं मराठी आत्मचरित्र आमच्या घरी तीन पिढ्यांनी वाचलंय. आपल्या भागातला, मराठी बोलणारा माणूस डेट्रॉईटचा खासदार होतो याचा अभिमान मी तरी लपवणार नाही.

प्राजक्ता_डेट्रॉईट

बेळगावकर, अभिमान मलाही आहे. शपथविधीचा व्हिडिओ माझ्या आईला सोलापूरला पाठवला होता. पण मी याच मतदारसंघात राहते आणि इथला दुसरा सूर रोज ऐकते, तोही इथे यायला हवा.

१९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज खासदार झाले तेव्हापासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत डेट्रॉईटचा किमान एक तरी खासदार कृष्णवर्णीय होता. जॉन कॉनियर्स तर १९६५ पासून पाच दशकांहून जास्त काळ होते. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय बहुसंख्य शहरांपैकी हे एक, आणि ती साखळी जवळपास ७० वर्षांनी तुटली. माझ्या शेजारच्या आजी नागरी हक्कांच्या चळवळीत होत्या. त्यांचा ठाणेदारांवर वैयक्तिक राग नाही, कार्यालयातून काम होतं असंही त्या सांगतात. पण 'आमचा आवाज' म्हणून कोणाकडे बोट दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न मला खोडता येत नाही.

आणि हे झालं कसं, ते नोव्हीकरांच्या प्रश्नाला धरून आहे. २०२२ ला इथल्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, दुसऱ्या खासदार रशिदा तलैब शेजारच्या १२ व्या मतदारसंघात गेल्या, १३ वी जागा मोकळी पडली. डेमोक्रॅट प्रायमरीत नऊ उमेदवार. कृष्णवर्णीय मतं आठ ठिकाणी वाटली गेली. ठाणेदारांनी स्वतःचा भरपूर पैसा घातला, घरोघरी पत्रकं पोहोचवली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. प्रत्यक्ष मतं बावीस हजारांच्या आसपास. मतदारसंघाची लोकसंख्या पावणेआठ लाख! नोव्हेंबरात मग ७० टक्क्यांच्या वर मतं पडली, कारण इथे डेमोक्रॅट उमेदवार हरतच नाही. खासदार ठरला तो २ ऑगस्टला.

बेळगावकर

प्राजक्ताताई, त्या आजींचं म्हणणं समजलं आणि पटलंही. पण २८ टक्क्यांवर जिंकणं हा ठाणेदारांचा दोष नव्हे. नियमच तसा आहे, सगळ्यांत जास्त मतं त्याची जागा. आपल्याकडे बहुरंगी लढतीत ३० टक्क्यांवर कितीतरी आमदार होतात. आणि २०२४ ला त्यांना ५० टक्क्यांच्या वर मतं मिळाली, तीही प्रायमरीतच.

प्राजक्ता_डेट्रॉईट

दोष त्यांचा नाहीच. नियमाचाही एकट्याचा नाही. त्या ऑगस्टमध्ये जे घरी बसले त्यांचा वाटा सगळ्यांत मोठा. २०२४ बद्दल एक जोड देते. तेव्हा मुख्य आव्हानवीर ॲडम हॉलियर मतपत्रिकेवर आलेच नाहीत. मतपत्रिकेवर नाव यायला काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) उमेदवाराला मतदारांच्या १,००० वैध सह्या लागतात. त्यांच्या सह्या तपासल्या, बऱ्याच बाद झाल्या आणि हजारचा आकडा गाठला गेला नाही. मग मेरी वॉटर्स विरुद्ध ठाणेदार अशी लढत झाली.

ओंकार_यपी

सह्यांवरून आठवलं. २०२२ ला गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक याच कारणानं बाद झाले होते. डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग त्यात होते. तिथे १५,००० सह्या लागतात. सहीमागे पैसे घेणाऱ्या लोकांनी खोट्या सह्या भरून दिल्या होत्या. निवडणूक अधिकाऱ्यांनी पाहिलं तर एकाच हस्ताक्षरात पानंच्या पानं.

तेव्हा शेतकरी बाजारात कोणी क्लिपबोर्ड घेऊन समोर आलं तर सही करण्याआधी मजकूर वाचा. पत्ता मतदार यादीत आहे तसाच लिहा. आपला पत्ता बदललेला असला तर ती सही बाद होऊ शकते आणि बिचाऱ्या उमेदवाराला कळतही नाही.

ग्रँडरॅपिड्सवाली

प्रायमरीचा विषय निघालाय तर आमच्या ३ ऱ्या मतदारसंघाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रँड रॅपिड्स म्हणजे जेराल्ड फोर्ड यांचं गाव. १९४९ पासून उपराष्ट्राध्यक्ष होईपर्यंत ते इथले खासदार. तेव्हापासून ७० च्या दशकातली थोडी वर्षं सोडली तर २०२२ पर्यंत ही जागा रिपब्लिकनच जिंकत आले.

२०२० ला पीटर मायर निवडून आले. हो, तेच किराणा दुकानांचं घराणं. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूनं मत दिलेल्या दहा रिपब्लिकनांपैकी ते एक. २०२२ च्या प्रायमरीत ट्रम्प यांनी जॉन गिब्स यांना पाठिंबा दिला. आणि मग जे झालं ते मला आजही पचत नाही. डेमोक्रॅट पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीनं गिब्स यांना उचलून धरणाऱ्या जाहिरातींवर ४ लाखांवर डॉलर खर्च केले! हिशेब असा की गिब्स जिंकले तर नोव्हेंबरात डेमोक्रॅट हिलरी शॉल्टन यांना सोपं जाईल. हिशेब बरोबर निघाला. मायर थोडक्यात हरले, शॉल्टन मोठ्या फरकानं जिंकल्या, २०२४ लाही टिकल्या.

मी शॉल्टन यांनाच मत दिलं आणि त्यांचं काम मला आवडतं. पण एकीकडे 'लोकशाही धोक्यात' म्हणायचं आणि दुसरीकडे त्याच धोक्याला पैसे पुरवायचे, हे मला मान्य नाही. मायर यांनी मतदारसंघाची पर्वा न करता सदसद्विवेकानं मत दिलं होतं. त्याची किंमत त्यांना दोन्ही पक्षांनी मिळून मोजायला लावली.

गिरीश_फार्मिंग्टन

अगदी. आमच्या ११ व्या मतदारसंघात २०२२ ला वेगळा तमाशा झाला. राज्याची एक जागा कमी झाल्यामुळे हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन, दोघेही विद्यमान डेमोक्रॅट खासदार, एकमेकांसमोर आले. बाहेरच्या गटांचे लाखो डॉलर ओतले गेले, घरी रोज दोन-दोन पत्रकं येत होती. स्टीव्हन्स ६०-४० नं जिंकल्या. तो निकालही ऑगस्टचाच.

मधुरा_एल

जागा कमी कशी होते? लोकसंख्या घटली का मिशिगनची?

शंतनू_एएआर

घटली नाही, उलट वाढली. २०१० ते २०२० मध्ये साधारण २ टक्के वाढून १ कोटी ७७ हजारांच्या पुढे गेली. पण टेक्सास, फ्लोरिडा त्याहून कितीतरी जोरात वाढले. एकूण जागा ४३५ वर गोठवलेल्या आहेत, म्हणून दर दहा वर्षांनी वाटणी नव्यानं होते. मिशिगनच्या ७० च्या दशकात १९ जागा होत्या. मग १८, १६, १५, १४ आणि आता १३. वाहन उद्योगाचा उतार या आकड्यांत सरळ दिसतो.

अण्णा_सातारकर

हे वाचून धस्स झालं. आपल्याकडे १९७६ च्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, २००१ मध्ये ती मुदत २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत वाढवली. महाराष्ट्राच्या ४८ जागा १९७७ पासून तेवढ्याच. दक्षिणेतली राज्यं का घाबरलीत ते मिशिगनकडे बघून नीट कळतं. तुमच्याकडे नव्यानं वाटणी करून वजन जातं, आमच्याकडे न करून एका मताचं वजन राज्याराज्यांत वेगळं होतं. यातला न्याय्य कुठला हे ठरवणं सोपं नाही, आणि जो पक्ष ठरवेल त्याचा स्वार्थ त्यात असणारच.

मतं आणि जागा यांचं म्हणाल तर २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात आघाडी आणि महायुतीची मतं जवळपास सारखी, जागा ३० आणि १७. उरलेली एक सांगलीची, अपक्षाची. तिथे कोणी रेषा वाकडी आखली नव्हती, मतं कुठे पसरली होती त्याचा तो खेळ.

ओंकार_यपी

अवांतर : घराणेशाही फक्त आपल्याकडे असं कोणाला वाटत असेल तर नोव्हीकरांच्या मतदारसंघाचा इतिहास बघा. जॉन डिंगेल थोरले १९३३ ते १९५५. मग मुलगा जॉन डिंगेल, २०१५ पर्यंत. ५९ वर्षं, अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासात सर्वांत जास्त. त्यानंतर पत्नी डेबी. मतदारसंघाचे क्रमांक आणि सीमा कितीदा बदलल्या, आडनाव तेच. फ्लिंटला डेल किल्डी १९७७ ते २०१३ आणि पुढे पुतण्या डॅन २०२५ पर्यंत. वर आलेले अँडी लेव्हिन हे सँडर लेव्हिन यांचे चिरंजीव.

नोव्हीकर

ओंकार, डिंगेल घराण्याबद्दल एवढंच म्हणेन की थोरल्या डिंगेलांनी १९४३ पासून राष्ट्रीय आरोग्यविम्याची विधेयकं मांडली आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) मंजूर झालं तेव्हा धाकटे डिंगेल सभागृहात अध्यक्षस्थानी होते. ते आडनाव लोकांनी उगाच टिकवलेलं नाही. पण तुमचा मुद्दा खराच, सुरक्षित जागेत समोर कोणी ताकदीचा उभाच राहत नाही.

सायली_लॅन्सिंग

जरा हलकं काही. २०२४ ला मतदान केल्यावर मिळणारं वेअरवुल्फचं स्टिकर कोणाकोणाकडे आहे? स्वतःचा शर्ट फाडणारा लांडगामाणूस, मागे अमेरिकी झेंडा. राज्यानं स्पर्धा घेतली होती आणि एका १२ वर्षांच्या मुलीच्या चित्रानं बाजी मारली. आमच्या मुलांनी ते स्टिकर मिळवण्यासाठी आम्हा दोघांना सकाळी सातला केंद्रावर नेलं. बोटाला शाई लावली असती तर कोणी उठलंही नसतं.

प्राजक्ता_डेट्रॉईट

आमच्या फ्रिजवर अजून आहे तो लांडगा!

रश्मी_रोचेस्टर

उशिरा आले, पण १० व्या मतदारसंघातून कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. वॉरन, स्टर्लिंग हाइट्स, रोचेस्टर हिल्स. २०२२ ला इथे रिपब्लिकन जॉन जेम्स आणि डेमोक्रॅट कार्ल मार्लिंगा यांच्यात फरक किती पडला माहितीये? सुमारे १,६०० मतं. तीन लाखांवर मतदानात! जेम्स आधी दोनदा सिनेटला हरले होते. ते कृष्णवर्णीय आहेत, म्हणजे ज्या वर्षी डेट्रॉईटनं ती साखळी गमावली त्याच वर्षी शेजारच्या उपनगरांनी एक रिपब्लिकन कृष्णवर्णीय खासदार पाठवला. प्राजक्ताच्या शेजारच्या आजींना त्यानं समाधान मिळणार नाही, तरी नोंद असावी. त्यांची फेरलढत २०२४ ला झाली तेव्हा अंतर बरंच वाढलं होतं.

मी दोन्ही वेळा प्रचारात दारोदार फिरले. आपल्या लोकांची दारं कशी उघडतात सांगू? 'या या, चहा घ्या', आणि मग 'आम्ही राजकारणात नसतो हो.' नागरिक होऊन दहा-बारा वर्षं झालेली घरं. १,६०० मतं म्हणजे आमच्या भागातल्या दोन-तीन मोठ्या वसाहती फक्त.

आता ऑगस्टबद्दल, कारण नोव्हीकरांचा मूळ प्रश्न तोच आहे. प्रायमरीची मतपत्रिका वेगळी असते. एकाच कागदावर दोन स्तंभ, एकात डेमोक्रॅट, दुसऱ्यात रिपब्लिकन. मिशिगनमध्ये पक्षाची नोंदणी नसते, कुठलाही स्तंभ तुम्ही मनानं निवडा, कोणी विचारत नाही. पण एकदा निवडला की सगळी पदं त्याच स्तंभातून भरायची. गव्हर्नर इकडचा आणि खासदार तिकडचा असं केलंत तर पक्षांचा सगळा भाग बाद. केंद्रावर यंत्र कागद परत देतं, नवी मतपत्रिका मिळते. टपालानं पाठवलीत तर ती संधी नाही. मी अशी बाद मतं चांगल्या शिकलेल्या घरांत झालेली पाहिली आहेत. पक्षाबाहेरची पदं आणि ग्रंथालयाचा कर वगैरे प्रस्ताव खाली वेगळे असतात, ते सगळ्यांनी भरायचे.

वैभव_एच१बी

प्रश्न भाबडा असेल, पण मी अजून व्हिसावर आहे. मला यात काही करता येतं का?

रश्मी_रोचेस्टर

वैभव, प्रश्न महत्त्वाचा आहे. मतदान आणि मतदार नोंदणी फक्त नागरिकांना. ग्रीनकार्ड असलं तरी नोंदणीच्या कागदावर सही करू नका, गाडीचा परवाना काढताना कोणी विचारलं तरीही नाही. पुढे नागरिकत्वाच्या वेळी तो फार मोठा घोटाळा होतो. देणगी ग्रीनकार्डवाले देऊ शकतात, व्हिसावरचे नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मात्र व्हिसावरच्यांनाही फिरता येतं. आमच्याबरोबर येत जा, पत्रकं वाटायला माणसं कायम कमी पडतात.

शंतनू_एएआर

वर मधुरा यांनी लेकीचा प्रकल्प म्हटला होता, तिच्यासाठी एक ताजी गोष्ट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासनं दशक अर्ध्यावर असताना रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवायच्या उद्देशानं नकाशा पुन्हा आखला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानं नोव्हेंबरात लोकांचं मत घेऊन आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला आणि स्वतःचा आणला. मिशिगनमध्ये दोन्ही पक्षांना हे करता आलेलं नाही, कारण पेन्सिल विधिमंडळाच्या हातात उरलेली नाही. नोव्हीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

गिरीश_फार्मिंग्टन

हे मात्र मान्य. आयोगाच्या हातून चुका झाल्या, पण त्या भर सभेत, सगळ्यांसमोर झाल्या आणि कोर्टात दुरुस्तही करता आल्या. बंद खोलीतल्या नकाशापेक्षा कधीही बरं.

नोव्हीकर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्राजक्तांच्या बावीस हजारांत आणि रश्मींच्या सोळाशेत मिळालं. नोव्हेंबरात माझ्या मतानं काही हलत नाही, ऑगस्टमध्ये त्याच मताचं वजन कितीतरी पट होतं. २०२६ ची प्रायमरी ४ ऑगस्टला आहे. स्टीव्हन्स सिनेटसाठी आणि जेम्स गव्हर्नरपदासाठी उभे असल्यामुळे ११ वी आणि १० वी या दोन्ही जागा मोकळ्या आहेत. गिरीश, तुमच्याकडे तर खासदार त्या दिवशीच जवळपास ठरेल. रश्मी, तुमच्याकडे ऑगस्टही मोलाचा आणि नोव्हेंबरही. आमच्या गणेशोत्सवाच्या बैठका जुलैतच सुरू होतात, तिथे मतपत्रिकेचा नमुना घेऊन जाईन आणि दोन स्तंभांची गोष्ट समजावून सांगेन.

एक शंका उरली. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर आम्ही पुण्यात असू. मतपत्रिका मागवायला दर वेळी अर्ज करावा लागतो का?

रश्मी_रोचेस्टर

दर वेळी नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायमच्या यादीसाठी एकदाच अर्ज करता येतो, मग प्रत्येक निवडणुकीला मतपत्रिका आपोआप घरी येते. पण तुम्ही तेव्हा घरी नसणार, म्हणून शहराच्या क्लार्ककडे (स्थानिक निवडणूक अधिकाऱ्याकडे) पुण्याचा पत्ता आधी कळवा. साधारण ४० दिवस आधी टपालाची मतपत्रिका निघते. लिफाफ्यावरची सही यादीतल्या सहीसारखीच करा. भारतात जाण्याआधी मतपत्रिका हातात आली तर सरळ भरून क्लार्कच्या पेटीत टाका आणि मग विमानतळ गाठा.

नोव्हीकर

झालं, आजच अर्ज भरतो. तिघांचे.